पाच नंबरचा प्लग

“काका, मी पाच नंबरचा करंट घालवतेय. तुम्ही फक्त समोरच्या दिव्याकडे बघा, आणि विझला की सांगा.”

फोनवर टिपणीस मॅडम होत्या, पुण्याहून. मी वाईला, सर्व्हरच्या खोलीत, रॅकसमोर मोबाइल कानाला लावून उभा होतो. खंडेनवमीची दुपार होती. सकाळी प्रत्येक सर्व्हरला ओढलेली हळदकुंकवाची बोटं अजून ताजी होती आणि रॅकच्या दाराला झेंडूची माळ लटकत होती. माझ्या मागे आमचे व्यवस्थापक निंबाळकर साहेब घड्याळ बघत होते. दारात आमचा इलेक्ट्रिशियन बाबालाल मुजावर पेढ्याचा खोका घेऊन उभा होता. खोका कुठे ठेवावा ते त्याला कळत नव्हतं.

“बघतोय,” मी म्हणालो.

दिवा दिसावा म्हणून खाली वाकलो, आणि वाकलेलाच राहिलो.

का, ते सांगायला सकाळपासून सुरुवात करायला हवी. मी गोष्टी वाचणारा माणूस आहे, सांगणारा नाही, त्यामुळे क्रम थोडा चुकला तर सांभाळून घ्यावं.

सव्वीस वर्षं मी एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. ते वाचनालय बंद झालं तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो. एका आरोग्य संस्थेची सात लहान रुग्णालयं सातारा जिल्ह्यात होती, आणि त्या सगळ्यांची माहिती ज्या आठ सर्व्हरवर असायची ते सर्व्हर वाईच्या एका खोलीत होते. तिथे नोंदी ठेवायला माणूस हवा होता. माझं अक्षर बरं आहे, एवढ्यावर मला घेतलं. संगणकातलं मला तेव्हा काही कळत नव्हतं. आजही किती कळतं कोण जाणे.

रॅकच्या मागच्या बाजूला आठ सॉकेटची एक उभी पट्टी होती. घरातल्या एक्स्टेंशन बोर्डासारखीच, पण हिचं बटण वाईत नव्हतं, पुण्यात होतं. टिपणीस मॅडम तिथे बसून पडद्यावर एकेक सॉकेट बंद-चालू करायच्या. एखादा सर्व्हर अडकून बसला, कशालाच उत्तर देईना, की त्या त्याचा करंट दहा सेकंद घालवायच्या आणि परत द्यायच्या. तो झोपेतून उठल्यासारखा उठायचा. वाईतल्या कुणीही करंटला हात लावायचा नाही, असा नियमच होता, कारण कुठल्या सर्व्हरवर त्या घटकेला काय चाललंय हे त्यांनाच दिसायचं.

मात्र कुठल्या सॉकेटमध्ये कुठल्या सर्व्हरचा प्लग आहे, हे त्यांना दिसायचं नाही. त्यांच्या पडद्यावर ‘पाच – नोंदणी’, ‘सहा – रक्त’ असं असायचं ते मी पाठवलेल्या यादीवरून. माझ्या शब्दाबाहेर त्यांच्याकडे दुसरा पुरावा नव्हता. याची मला सतत भीती वाटायची.

खंडेनवमीला हत्यारांना विसावा द्यायचा, ही बाबालालची हौस. त्याचे वडील पिठाच्या गिरणीत मिस्त्री होते, आणि त्या दिवशी गिरणीचा पट्टा उतरवून ठेवायची तिथली रीत होती. “आवं मास्तर, माणसाला रविवार हाय, ह्यास्नी वर्षातनं अर्धा तास बी नगं?” असं म्हणून त्याने पहिल्याच वर्षी हट्ट धरला होता. मॅडमना वाटलं, बरंच आहे, त्या निमित्ताने वर्षातून एकदा साफसफाई होईल. तेव्हापासून दर खंडेनवमीला त्या सकाळी आठही सॉकेट एकामागून एक बंद करायच्या, सातही रुग्णालयं अर्धा तास कागदावर काम करायची, आणि आम्ही सगळे प्लग काढून, पुसून, पुन्हा लावायचो. मग हळदकुंकू, नारळ, पेढे.

त्या सकाळी बाबालालचं फडकं जरा जास्तच ओलं होतं. मागच्या बाजूला दोन वायरींवरच्या माझ्या चिठ्ठ्या, पाच आणि सहा, सुटून फरशीवर पडल्या.

“पडल्या व्हय?” बाबालाल म्हणाला. “तुमचा डिंकच पातळ.”

“डिंक नाही, फडकं.”

“चला, चला!” दारातून निंबाळकर साहेब ओरडले. “मुहूर्त टळतोय. घैसास, त्या चिठ्ठ्यांचं पारायण नंतर करा.”

मी चिठ्ठ्या बाहीला पुसल्या आणि परत चिकटवल्या. मागून सगळे सर्व्हर सारखेच दिसतात. काळा डबा, एक पंखा, एक वायर. वरच्याला एक चिठ्ठी लावली, खालच्याला दुसरी, आणि चिठ्ठीवर होता त्या नंबरच्या सॉकेटमध्ये ज्याचा त्याचा प्लग घातला. मॅडमनी करंट दिला. आठही दिवे लागले. नारळ फुटला.

अडीचच्या सुमाराला नोंदणीचा सर्व्हर अडकला. उद्या दसऱ्याची सुट्टी, म्हणून सातही ठिकाणी बाह्यरुग्ण विभागात गर्दी होती, आणि कुणाचा केसपेपर निघेना. निंबाळकर साहेबांच्या दोन्ही फोनवर सातही ठिकाणांहून माणसं ओरडत होती. शेवटी मॅडमचा फोन आला आणि त्यांनी मला रॅकसमोर उभं केलं.

“आधी एक ऐकून घ्या,” त्या म्हणाल्या होत्या. “सहा नंबरवर, रक्ताच्या यादीवर, आत्ता काम चालू आहे. पाटणकडच्या आपल्या रुग्णालयात एक बाळंतीण आहे. रक्तस्राव थांबत नाहीये. ओ निगेटिव्ह हवंय, आणि सातांपैकी कुणाकडे पिशव्या आहेत ते तिथले डॉक्टर त्या यादीत शोधतायत. सहाला धक्का लागता कामा नये.”

“लागला तर?”

“तर तो परत सावरायला पाऊण तास घेईल. तेवढा वेळ तिच्याकडे नाहीये. म्हणून मी फक्त पाच बंद करतेय.”

आणि मग त्या म्हणाल्या, दिव्याकडे बघा.

मी वाकलो. नोंदणीचा सर्व्हर बघायला मला खाली वाकावं लागलं, कारण तो खाली होता. वर ‘रक्त’, त्याच्या खाली ‘नोंदणी’. समोरून नावं होती, चार वर्षं मी ती रोज बघत होतो. रॅकमध्ये जागा होईल तसे बाबालालने ते बसवले होते, नंबरांच्या क्रमाने नाही. सहा वर आणि पाच खाली.

आणि सकाळी, मागच्या बाजूला, मी काय केलं होतं? सव्वीस वर्षं मी फळीवर पुस्तकं लावली. वरच्या फळीवर पाच, खालच्या फळीवर सहा. माझ्या हातांना दुसरा क्रम माहीत नव्हता. सकाळी घाईत त्या हातांनी वरच्याला पाच लावलं असेल, तर आत्ता पाच नंबरच्या सॉकेटमध्ये रक्ताचा सर्व्हर होता.

पण लावलं होतं का? ते मला आठवेना. कदाचित तेव्हा माझ्या लक्षात आलं असेल. कदाचित मी बरोबर लावलं असेल. मी डोळे मिटून ती चिठ्ठी, ती बाही, तो वरचा पंखा आठवायचा प्रयत्न केला. एकदा तिथे पाच दिसायचे, एकदा सहा.

“दहापासून मोजतेय, काका,” मॅडम म्हणाल्या. करंट घालवण्याआधी त्या नेहमी उलटे आकडे मोजायच्या. “दहा. नऊ.”

त्यांना थांबा म्हणायला एक शब्द पुरला असता. पण त्या वर्षात तो शब्द मी तीनदा वापरला होता, आणि तिन्ही वेळा फुकट. फेब्रुवारीत मला वाटलं की मी सॉकेटचा नंबर चुकीचा सांगितला. बरोबरच सांगितला होता. मे महिन्यात मला जळका वास आला आणि मी सगळं थांबवलं. बाबालाल पहारेकऱ्याच्या शेगडीवर पापड भाजत होता. ऑगस्टमध्ये दिवा हिरव्याऐवजी पिवळा दिसला. चष्म्याचा नंबर बदलला होता. तेव्हापासून निंबाळकर साहेब मला सगळ्यांसमोर शंकासुर म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, पण गर्दीची आणि फोनची जबाबदारी त्यांच्यावर होती. ऑगस्टमध्ये ते म्हणाले होते, “घैसास, चौथ्यांदा थांबवलंत तर मी तुम्हाला वाचनालयात परत पाठवीन. आणि तुमचं वाचनालय बंद पडलंय, हे लक्षात ठेवा.”

घरी बायकोला मी हे सांगितलं नव्हतं. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण ठेवून घेणार होतं?

“सात. सहा.”

“दिवा बघताय ना, घैसास?” मागून निंबाळकर साहेब.

“पाच. चार.”

“थांबा,” मी म्हणालो.

आवाज इतका बारीक निघाला की मला वाटलं, तो पुण्यापर्यंत पोचलाच नसेल. खोलीत पंख्यांचा आवाज भरून राहिला होता. पण आकडे थांबले.

“थांबले,” मॅडम म्हणाल्या. “काय झालं?”

“मला… पाच आणि सहा सकाळी अदलाबदल झाले असतील. चिठ्ठ्या पडल्या होत्या. मी लावल्या परत.”

“झालेत का?”

“माहीत नाही.”

“नक्की चुकलंय असं म्हणताय?”

“नाही, मॅडम. नक्की नाही. कदाचित बरोबरच असेल.”

मागून निंबाळकर साहेबांनी कपाळावर हात मारल्याचा आवाज मी ऐकला. “पुन्हा?” ते म्हणाले. “अहो, साताऱ्यात दीडशे माणसं उभी आहेत! आज कसला वास आला?”

“आवं साहेब, आज पापड न्हाईत,” बाबालाल म्हणाला. “पेढं हायत.”

मला वाटलं, मॅडमही आता सुस्कारा टाकतील. तिसऱ्या वेळी तरी टाकायला हवा होता, असं मला नेहमी वाटायचं. फोनवर फक्त कळफलकाची टकटक ऐकू आली.

“काका,” त्या म्हणाल्या, “इथे मला प्रत्येक सॉकेट किती करंट घेतोय ते दिसतं. गेल्या आठवड्यात पाच घेत होता एक अँपिअरच्या आसपास, सहा घेत होता दोनाच्या वर. आज दोन्ही दोनाच्या वर आहेत.”

मी मोबाइल दुसऱ्या कानाला घेतला.

“पण नोंदणीचा सर्व्हर अडकलाय, अडकलेला कधी जास्तही खातो. यावरून मला नक्की म्हणता येत नाही. तुम्ही मागे जा. खालच्या सर्व्हरची वायर बोटात धरा आणि पट्टीपर्यंत या. ओढू नका. फक्त बोट फिरवत या.”

“म्हणजे फोन…”

“फोन साहेबांना धरायला सांगा.”

निंबाळकर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि मग मुकाट्याने मोबाइल माझ्या कानाला लावून धरला. आम्ही दोघं तसेच, एकमेकांना चिकटून, रॅकच्या मागच्या अरुंद जागेत शिरलो. बाबालालने टॉर्च धरला. वायरी जुडी बांधून खाली उतरत होत्या, सगळ्या काळ्या, सगळ्या एका जाडीच्या. मी खालच्या डब्याला बोट लावलं आणि त्याची वायर अंगठ्याखाली घेतली.

“सापडली?” मॅडम.

“सापडली.”

“सोडू नका. घाई नाही.”

घाई होती. निंबाळकर साहेबांचा दुसरा फोन त्यांच्या खिशात थरथरत होता, तो मला माझ्या बरगडीला लागत होता. जुडीमध्ये वायर दोनदा दुसऱ्या वायरीच्या खाली गेली. दुसऱ्या वेळी मला वाटलं, सुटली. मी परत वर गेलो आणि पहिल्यापासून सुरुवात केली. साहेबांनी दुसऱ्या हाताने जुडी थोडी बाजूला धरली, मला बोट घालता यावं म्हणून.

अंगठा पट्टीवर आला. बाबालालने टॉर्च जवळ नेला.

“कितीवर आलात?” मॅडम.

“सहा,” मी म्हणालो. “खालचा सर्व्हर सहात आहे. नोंदणी सहात आहे.”

“आता वरच्याची धरा.”

वरच्याची धरली. ती पाचवर आली.

मग मॅडम एवढंच म्हणाल्या, “बरं. मग मी आता सहा बंद करणार. पुढे या आणि दिवा बघा. कुठला बघायचा?”

“खालचा. नोंदणीचा.”

“दहा. नऊ.”

खालचा दिवा विझला. वरचा, रक्ताचा, लुकलुकत राहिला. दहा सेकंदांनी खालचा पुन्हा लागला. पाच मिनिटांनी निंबाळकर साहेबांचा खिसा थरथरायचा थांबला. ते माझ्याकडे न बघता बाबालालला म्हणाले, “तो खोका इकडे आण.” मग एक पेढा त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि बाहेर निघून गेले.

पाटणच्या बाईंना शेजारच्या तालुक्यातल्या आपल्या रुग्णालयातून दोन पिशव्या गेल्या. यादीत त्या सापडल्या तेव्हा आम्ही वायरींच्या मागे होतो. हे मला मॅडमनी संध्याकाळी पाच वाजता सांगितलं. बाई आणि बाळ दोघंही ठीक होती.

“मॅडम, चूक माझीच होती,” मी म्हणालो. “चिठ्ठ्या मी लावल्या.”

“हो, तुमचीच होती.”

“साहेबांना मी सांगितलं नाही अजून.”

“त्यांना दिसलं ना. ते होते की तुमच्या शेजारी.” मग त्या हसल्या. “आणि काका, बाबालालला पुढच्या वर्षी कोरडं फडकं द्या. तो ओलं कितीही मागो.”

एवढंच. त्या मला रागावल्या नाहीत, आणि त्यांनी शाबासकीही दिली नाही. मला तेव्हा ते थोडं लागलंही. लाजऱ्या माणसाला शाबासकी हवी असते. ती मिळाली की कुठे तोंड लपवावं, तेही त्याला कळत नाही.

चार वर्षांनी मी निवृत्त झालो. माझं शेवटचं काम होतं, पुण्याहून आलेल्या छापील नोंदी वर्षवार लावून बांधून ठेवायच्या. करंट केव्हा घालवला, केव्हा दिला, मध्येच थांबवला तर का थांबवला, असे रकाने होते. वाचल्याशिवाय बांधायचं मला जमत नाही. ग्रंथपालाची ती खोड आहे.

माझ्या तिन्ही तारखा मी शोधल्या. खरं तर मला बघायचंच नव्हतं. फेब्रुवारी: ‘थांबवले. माझ्या सांगण्यावरून. श. टिपणीस.’ मे: ‘थांबवले. माझ्या सांगण्यावरून. श. टिपणीस.’ ऑगस्टलाही तेच, त्याच नावासकट. माझं नाव कुठेच नव्हतं. पापडांचंही नव्हतं.

मग मी खंडेनवमीचं पान काढलं. ‘पाच व सहाचे प्लग अदलाबदल. थांबवले. श्री. रा. घैसास यांच्या सांगण्यावरून.’ प्लग कुणी अदलाबदल केले, असा रकाना नव्हता, आणि त्यांनी तो नव्याने आखलाही नव्हता.

निंबाळकर साहेबांनी त्या ऑगस्टमध्ये माझ्याविरुद्ध पुण्याला लिहिलं होतं, हे बाबालालने मला निवृत्तीच्या त्या आठवड्यात सांगितलं. उत्तर आलं होतं की घैसासांनी काम थांबवल्याची एकही नोंद आमच्याकडे नाही. साहेबांना वाटलं, पुण्याच्या लोकांना कामाची पद्धतच नाही.

मी ती पानं बांधून ठेवली. मग मॅडमना फोन लावला. काय बोलायचं ते एका कागदावर लिहून घेतलं होतं, चार ओळी. फोनवर लिहून घेतल्याशिवाय मला बोलता येत नाही.

“काका! बोला,” त्या म्हणाल्या, आणि लगेच, “एक मिनिट हं, धरा. दुसरी लाइन आहे.”

मी धरून राहिलो. त्यांच्या दुसऱ्या फोनवर कुणी बाई होत्या. कुठल्या गावच्या होत्या ते कळलं नाही. त्यांचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, फक्त त्या मध्येमध्ये खूप थांबत आहेत, हे मॅडमच्या गप्प बसण्यावरून कळत होतं.

“नाही नाही,” मॅडम त्यांना म्हणाल्या. “बरं झालं बोललात. नक्की नसलं तरी चालतं. मी थांबवतेय. जाऊन बघून या सावकाश.”

मग कळफलकाची टकटक ऐकू आली. मी माझ्या चार ओळींचा कागद घडी करून खिशात ठेवला. त्या बाईंची शंका खरी निघाली की खोटी, ते मला कळलं नाही. पण खोटी निघाली असती, तर ती नोंद कुणाच्या नावावर जाणार, हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती.